फिनलंडचा बोअर, बीडचा बोअर
फिनलंडमधल्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे सरासरी 460 बेकरेल रेडॉन सापडतो. सेकंदाला एक अणुकेंद्र फुटले की एक बेकरेल. अणुभट्टीशी याचा संबंध नाही, हा खडकाचा गुण आहे. दक्षिण फिनलंडच्या ग्रॅनाइटात युरेनियम मुळातच जास्त. ते झिजत झिजत रेडियम होते, रेडियमचा रेडॉन वायू होतो आणि भेगांतल्या पाण्यात मिसळतो. उथळ आडात हाच आकडा 50 च्या आसपास असतो. जितके खोल तितके शुद्ध, ही बीडकडची समजूत इथे साफ उलटी पडते.

युरोपात नळाला तोंड लावून पाणी प्यावे, असे गावाकडे ऐकवले जाते. हेलसिंकीपुरते ते खरे आहे. शहराचे पाणी पैयान्ने तलावातून, खडकात खोदलेल्या 120 किलोमीटरच्या बोगद्याने येते. हा बोगदा 1982 मध्ये पुरा झाला. उघड्या तळ्यात रेडॉन टिकत नाही. प्रश्न आहे तो शहराबाहेर स्वतःचा बोअर असलेल्या घरांचा. नळ सोडला की वायू घरभर होतो आणि त्याचा धोका पोटापेक्षा फुप्फुसांना अधिक. उपाय साधा: पाण्यात हवा सोडायची आणि निघालेला वायू घराबाहेर काढायचा. कोळशाची गाळणीही चालते, पण ती स्वतःच किरणोत्सारी होत जाते, म्हणून राहत्या खोलीपासून लांब ठेवतात. स्टुक या तिथल्या किरणोत्सार सुरक्षा संस्थेने खासगी बोअरसाठी लिटरमागे 1000 बेकरेलची मर्यादा सुचवली आहे. मालक बाटली भरून प्रयोगशाळेत देतो, आकडा चढला तर यंत्र बसवतो. ना ग्रामसभा, ना मोर्चा. मराठी माणसाला हा थंडपणा आधी बेफिकिरी वाटतो, मग त्याचा हेवा वाटू लागतो.

बीडचा खडक वेगळा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या या बेसाल्टात युरेनियम दहा लाखांत एका भागाहून कमी, तर ग्रॅनाइटात साधारण तीन ते पाच भाग. फिनलंडचा बोअरमालक जे रेडॉन काढलेले पाणी पैसे मोजून मिळवतो, ते बीडच्या आष्टी-पाटोद्याला फुकट मिळाले आहे. त्याचे कौतुक कोणाला? पाणाड्याचा नारळ कुठे उभा राहिला, बोअरची गाडी किती फूट गेली, किती इंची पाणी लागले, एवढ्यावर पारावरची चर्चा संपते. पाचशे फुटांवरही फुफाटाच उडाला तर दुसरा पॉइंट. लागले तर गुलाल. त्या पाण्यात आहे काय, हे विचारायला गुलालातून सवड मिळत नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात भारतातल्या 16 राज्यांच्या भूजलात युरेनियम आढळले. मूळ दोष खडकाचा. पण उपसा आणि नायट्रेट यांनी तो वाढतो, कारण नायट्रेट खडकात बसलेले युरेनियम सोडवून पाण्यात आणते. उपसा आणि नायट्रेट बीडमध्ये भरपूर, युरेनियमच तेवढे नाही. देगलूर-बिलोलीकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, तिथे मात्र असे निर्धास्त राहता येत नाही. भारतीय मानकात 2021 मध्ये युरेनियमची मर्यादा आली, लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही तोच आणि तो किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडाच्या काळजीपोटी ठरलेला. गावोगाव वाटलेल्या तपासणी किटमध्ये ही चाचणी नसते. नायट्रेटची असते, पण किट उघडायला हवे.

त्याऐवजी वीस लिटरचा आरओचा जार दारात येतो. पाणी गार आहे की नाही एवढेच पाहिले जाते. तपासणीची चिठ्ठी कोणी मागत नाही. एक जार भरताना जवळपास तेवढेच, कधी त्याहून जास्त पाणी गटारात जाते, तेही टँकरच्या जिल्ह्यात. ज्यांना जार परवडत नाही ते पाणी उकळतात. उकळल्याने जंतू मरतात, रेडॉनही उडून जातो. युरेनियम आणि नायट्रेट मात्र पाणी आटेल तसे दाट होतात. नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे वरचे दूध त्या पाण्यात कालवू नये, उकळलेले असले तरी.