आंतरजालावरील लिलांव व फेरविक्री

लिलांव म्हटला म्हणजे आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें बाजाराचें आवार, फळांच्या पाट्या, भोंवतीं जमलेले अडते आणि "एक वार, दोन वार" हा पुकारा हींच उभीं राहतील. त्या लिलांवांत माल समोर असतो, बोली बोलणारा समोर असतो, आणि कोण किती पाण्यांत आहे हें चेहऱ्यावरून थोडेंफार ओळखतां येतें. गेल्या तीस वर्षांत मात्र असा एक लिलांव जगांत रूढ झाला आहे कीं, ज्यांत यांपैकीं कांहींच नसतें. माल एका गांवीं, घेणारा दुसऱ्या खंडांत, आणि पुकारा करणारा तर कोणीच नाहीं. या लिलांवांत स्वस्त पडलेली वस्तु हेरून ती घ्यावयाची व योग्य किंमतीस पुनः विकावयाची, हा एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला आहे. वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं यासंबंधीं आमच्याकडे पृच्छा केली. "यांत पैसा मिळतो काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, व "यांत कांहीं गैर आहे काय?" हा दुसरा. दुसरा प्रश्न विचारणारा विद्यार्थी एकच होता. तथापि उत्तर द्यावयास तोच प्रश्न अधिक कठीण आहे.

या लिलांवांत ज्या 'ई-बे'चें नांव सर्वतोमुखीं आहे, तिचा आरंभ सन १९९५ च्या सप्टेंबरांत कॅलिफोर्निया प्रांतांतील सॅन होझे येथें झाला. पीअर ओमिद्यार नांवाच्या तरुण संगणकतज्ज्ञानें 'ऑक्शनवेब' या नांवानें हें स्थळ सुरू केलें. 'ई-बे' हें नांव त्यास १९९७ सालीं मिळालें. तेथें विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे प्रकाशशलाका पाडणारा एक मोडका लेझर-दर्शक होय. त्यास १४ डॉलर ८३ सेंट आले! घेणाऱ्यास तो मोडका असल्याचें ठाऊक होतें. त्याला मोडकेच हवे होते. एकाच्या घरची अडगळ ती दुसऱ्याची हौस, हें या सर्व व्यापाराचें मूळ त्या पहिल्याच व्यवहारांत दिसून आलें. आपल्याकडे मुंबईस २००० सालीं 'बाझी' या नांवानें असाच एक उपक्रम निघाला होता. तो २००४ सालीं ई-बेनें विकत घेतला, आणि ई-बेचें भारतीय स्थळ २०१८ च्या ऑगस्टांत बंद झालें. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील व्यवहारास अनुलक्षून आहे असें समजावें.

आतां या लिलांवाची रीत पाहूं. आपण एखाद्या वस्तूस जास्तींत जास्त काय देऊं, तो आंकडा गुप्तपणें यंत्रास सांगून ठेवावयाचा असतो. समजा, एकानें १००० रुपये सांगितले व दुसऱ्यानें ७००, आणि चढाचें माप २० रुपयांचें आहे. तर पहिल्यास वस्तु ७२० रुपयांस मिळते, १००० रुपयांस नव्हे. म्हणजे जिंकणारा आपल्या बोलीइतकें देत नाहीं. हरलेल्याच्या बोलीहून किंचित् अधिक, इतकेंच देतो. अशा पद्धतींत वस्तूची आपणांस वाटणारी खरी किंमत सांगण्यांतच शहाणपण आहे, हें विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालीं एका निबंधांत सिद्ध करून दाखविलें. त्याबद्दल त्यास १९९६ सालीं नोबेल पारितोषिक जाहीर झालें, आणि दुर्दैवानें तीनच दिवसांनीं तो वारला. गमतीची गोष्ट अशी कीं, टपालाच्या तिकिटांचे अमेरिकन व्यापारी हीच रीत १८९३ पासून पत्रद्वारां चालवीत होते. आमच्या शाळेंतील तिकिटें जमविणाऱ्यांस हें वाचून धन्यता वाटावी.

लिलांवाची वेळ ठरलेली असते; ती संपली कीं लिलांव संपला. त्यामुळें चतुर लोक शेवटच्या कांहीं सेकंदांपर्यंत गप्प बसतात व मग एकदम बोली टाकतात. ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघां पंडितांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ई-बेची तुलना अमेझॉनच्या तत्कालीन लिलांवांशीं केली. अमेझॉनच्या पद्धतींत शेवटीं कोणी बोली बोलला तर मुदत आपोआप वाढत असे; तेथें असा ऐन वेळचा झडपा फार कमी आढळला. शिवाय, संगणकांपेक्षां जुन्या दुर्मिळ वस्तूंच्या लिलांवांत लोक अधिक उशीरा बोलत, असें त्यांस दिसलें. कारण उघड आहे. जाणकारानें आधींच बोली लावली तर "ज्या अर्थीं हा बोलतो त्या अर्थीं यांत कांहींतरी आहे" हें इतरांस कळतें. थोडक्यांत, ज्ञान हेंच येथें भांडवल, आणि तें झांकून ठेवणें ही त्याची राखण.

वस्तु स्वस्त कां पडते, याचीं कारणें फारशीं गूढ नाहींत. विकणाऱ्यानें नांवांत चूक केली कीं शोधणाऱ्यांस ती वस्तु सांपडतच नाहीं. ती चुकीच्या सदरांत घातली, छायाचित्र अंधुक काढलें, लिलांव अपरात्रीं संपेल असा लावला, किंवा दहा टाकाऊ वस्तूंच्या ढिगांत एक चांगली मिसळली, तरीहि तेंच होतें. शुद्धलेखनाच्या तासास कंटाळणाऱ्यांनीं पुढील हकीकत लक्षपूर्वक वाचावी. फ्रँकलिन या दर्यावर्दीच्या शोधार्थ १८५२ सालीं उत्तर ध्रुवाकडे जी मोहीम निघाली, तिच्यासाठीं इंग्लंडांतील 'ऑलसॉप' यांच्या कारखान्यांत खास बियर तयार करण्यांत आली होती. तींतील एक जुनी बाटली २००७ सालीं ई-बेवर आली. परंतु विकणाऱ्यानें ऑलसॉप या नांवांतील जोड 'पी'पैकीं एक गाळला. परिणामीं ती ३०४ डॉलरांस गेली. घेणाऱ्यानें नांव नीट लिहून ती पुनः लिलांवास लावली, तों बोली ५,०३,३०० डॉलरांपर्यंत चढली! ही गोष्ट अनेक ठिकाणीं येथवरच सांगतात. पुढचा भाग असा कीं, ती शेवटची बोली निव्वळ थट्टेची निघाली व पैसे कधींच आले नाहींत. हातीं पडेपर्यंत नफा हा आंकडाच असतो.

आंकड्यांचाच विषय निघाला म्हणून साधा हिशेब मांडून पाहूं. एक वस्तु २० डॉलरांस घेतली व ४० डॉलरांस विकली. अननुभवी मनुष्य म्हणेल, २० डॉलर नफा झाला. परंतु ती वस्तु आपणांकडे येण्याचा टपालखर्च ६ डॉलर गेला, म्हणजे मुद्दल २६ झालें. विकतांना गिऱ्हाइकाकडून ४० आणि टपालाचे ६ मिळून ४६ आले. अमेरिकेंत सामान्य विक्रेत्याकडून बहुतेक सदरांत शेंकडा तेरा-चौदाच्या आसपास दलाली घेतली जाते, व तीहि टपालखर्चासुद्धां सर्व रकमेवर. म्हणजे सुमारें ६ डॉलर दलाली, ६ डॉलर टपाल. उरले ३४. त्यांतून मुद्दल व पुठ्ठ्याचें खोकें वजा जातां हातीं ७ डॉलर राहतात. त्यांत शोधण्यास घातलेल्या चार रात्री धरलेल्याच नाहींत. आणि पांचांपैकीं एक वस्तु जरी गिऱ्हाइकानें परत केली, तरी बाकीच्या चारांच्या नफ्याचा बराच भाग तिच्यापायीं जातो.

याहून मोठा धोका निराळाच आहे. मेक्सिकोच्या आखातांतील तेलाचीं क्षेत्रें लिलांवानें घेणाऱ्या कंपन्यांस अपेक्षेहून फारच कमी लाभ होतो, हें पाहून केपन, क्लॅप व कॅम्पबेल या तिघां अभियंत्यांनीं १९७१ सालीं त्याची मीमांसा केली. प्रत्येक जण अंदाजानें किंमत करतो. कोणाचा अंदाज कमी, कोणाचा अधिक. जिंकतो तो बहुधा सर्वांत अधिक चुकलेला! यास 'जेत्याचा शाप' म्हणतात. स्वस्तांत मिळालें म्हणून हर्षित होणाऱ्यानें स्वतःस विचारावें: जगांतील इतक्या डोळ्यांना जें दिसलें नाहीं तें आम्हांस दिसलें, कीं त्यांना दिसलेला दोष आम्हांस दिसला नाहीं? ज्यास त्या वस्तूची खरोखर पारख आहे त्यानेंच या वाटेस जावें. इतरांनीं पुस्तकें विकत घेऊन वाचावीं, तो खर्च निदान ठरावीक असतो.

आतां त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. विकणाऱ्यास किंमत ठाऊक नाहीं, घेणाऱ्यास ठाऊक आहे, आणि घेणारा गप्प बसतो. हा अन्याय आहे काय? प्रश्न फार जुना आहे. रोमन पंडित सिसेरो यानें कर्तव्यावरील आपल्या ग्रंथांत एक उदाहरण घेतलें आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला असतां एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यास ठाऊक आहे. तें त्यानें लोकांस सांगावें कीं न सांगतां चढ्या भावानें विकावें? डायोजिनीस म्हणतो, न सांगणें म्हणजे फसविणें नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगितलेंच पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे पडला.

कायद्याचा कौल मात्र पुष्कळसा डायोजिनीसकडे आहे. १८१५ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें इंग्लंड-अमेरिकेच्या तहाची वार्ता इतरांआधीं कळलेल्या एका व्यापाऱ्यानें तंबाखूची मोठी खरेदी केली. वार्ता फुटतांच भाव चढले. तो खटला १८१७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां आपणांस असलेली बातमी दुसऱ्यास सांगण्यास खरेदीदार बांधलेला नाहीं, मात्र त्यानें दुसऱ्यास फसविण्यासारखें कांहीं बोलूं वा करूं नये, असें ठरलें. आपल्या १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या सतराव्या कलमांतहि, बोलणें हें कर्तव्यच असेल अशा प्रसंगांखेरीज, निव्वळ मौन ही लबाडी नव्हे असा खुलासा आहे, आणि त्याखालीं भाव बदलल्याची खासगी बातमी असलेल्या एका व्यापाऱ्याचें उदाहरण दिलें आहे. त्या उदाहरणांत दोघेहि 'व्यापारी' आहेत, या शब्दाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

तें कां, हें आमच्याच अनुभवावरून सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका स्थळावर "जुनें पेन, निब तुटलेलें" अशी जाहिरात आमच्या दृष्टीस पडली. छायाचित्र धूसर होतें, तरी आम्हीं ओळखलें कीं हें 'पार्कर ५१' आहे. १९४१ पासून विकल्या गेलेल्या या पेनाचें निब टोंक वगळतां सर्व आवरणाखालीं झांकलेलें असतें, म्हणून न जाणणाऱ्यास तें तुटलेलेंच वाटतें. दुसरी बोलीच आली नाहीं. ३५० रुपयांस पेन आमचें झालें. त्यास २५०० रुपये देणारें गिऱ्हाईक आम्हांस ठाऊक होतें. चार दिवसांनीं पुडकें आलें. आंत पेनाबरोबर चाळीस रुपये व एक चिठ्ठी होती: पेन वडिलांचें आहे, निब तुटलेलें असतांहि आपण घेतलेंत याबद्दल आभारी आहों, टपालखर्च कमी लागला म्हणून उरलेले पैसे परत करीत आहों. विकणारे व्यापारी नव्हते. लहान गांवचे सेवानिवृत्त गृहस्थ होते.

आम्हीं पेन रात्रभर कोमट पाण्यांत ठेवलें. वाळलेली शाई सुटली, व सकाळीं तें उत्तम लिहूं लागलें. त्याच पेनानें आम्हीं त्यांस पत्र लिहिलें: निब शाबूत आहे, पेनाची किंमत अमुक आहे, विकूं दिलेंत तर नफा अर्धा-अर्धा करूं, नाहीं तर ३५० रुपयांस पेन परत घ्यावें. उलट टपालीं ३५० रुपये आले, आणि पाठवणीच्या खर्चाचे साठ निराळे. पेन परत गेलें.

त्याच महिन्यांत एका पेनांच्या दुकानदाराकडूनहि आम्हीं एक पेन असेंच स्वस्तांत घेतलें होतें. त्यास आम्हीं कांहीं कळविलें नाहीं, व त्यावरचा नफा ठेवून घेतला.