पाणी दिलेले पोलाद

विळ्याची किंवा कुऱ्हाडीची लाल तापलेली धार एकदम पाण्यात बुडवून कठीण करायची आणि ती ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा बेताच्या आचेवर थोडी नरम करायची, या क्रियेला लोहारकामात ‘पाणी देणे’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास पोलाद कारखान्यांनी हीच क्रिया कित्येक मीटर लांबीच्या जाड प्लेटांवर एकसारखी करून दाखवली आणि पूल, क्रेन, दाबपात्रे व खाणीतील डंपर यांच्या बांधणीला एक नवे द्रव्य मिळाले. युनायटेड स्टेट्स स्टील या अमेरिकन कंपनीने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी आणलेले ‘टी-१’ हे त्यातील सर्वांत गाजलेले नाव असून पुढे या जातीची पोलादे ‘ए ५१४’ या मानकाखाली ओळखली जाऊ लागली. या पोलादाचे गुण सांगायचे तर त्याच्या वेल्डिंगबद्दलही त्याच दमात सांगावे लागते, कारण कारखान्याच्या भट्टीने जे बळ दिले त्याच बळाला वेल्डिंगच्या ज्योतीची झळ लागते.

बळाचे प्रचलित माप म्हणजे यील्ड पॉइंट; ताण काढून घेतल्यावर धातू ज्या मर्यादेपर्यंत पूर्ववत होतो ती ही मर्यादा होय. भारतात बांधकामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ई २५० प्रतीच्या पोलादात ती २५० मेगापास्कल, म्हणजे छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलो भार, इतकी धरतात, तर सुमारे ६५ मिलिमीटर जाडीपर्यंतच्या ए ५१४ प्लेटमध्ये ती किमान ६९० मेगापास्कल, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट असते. या आकड्याने हुरळून जाण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक म्हणजे पोलादाची ताठरता बळाबरोबर वाढत नाही, म्हणून पातळ केलेली प्लेट तुटली नाही तरी लवते जास्त. आणि दुसरी, पुन्हापुन्हा येणाऱ्या भारामुळे वेल्डिंगच्या सांध्यात जो थकवा येतो, त्याला तोंड देण्याच्या बाबतीत महाग पोलादाचा सांधा साध्या पोलादाच्या सांध्याहून सरस ठरत नाही. जड वाहनांच्या पुलावर ही दुसरी गोष्ट विशेष बोचते.

पोलादात कार्बन वाढवला की कठीणपणा वाढतो, पण सांधा तडकण्याचा धोकाही वाढतो, म्हणून या प्लेटांमध्ये कार्बन साधारण ०.१ ते ०.२ टक्के इतकाच ठेवून बळाचे काम उष्णताक्रियेवर सोपवलेले असते. प्लेट सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली असता लोहाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळून जातो; त्याच क्षणी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली ती थंड केली की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि ताणलेली, अतिशय कठीण अशी ‘मार्टेन्साइट’ नावाची रचना तयार होते. ही रचना ठिसूळ असल्यामुळे प्लेट पुन्हा ६२० अंशांवर किंवा त्याहून अधिक तापवतात, त्यात कार्बाइडचे सूक्ष्म कण सुटे होतात आणि कठीणपणा थोडा कमी होऊन त्या बदल्यात चिवटपणा येतो. जाड प्लेटचा गाभा मात्र पृष्ठभागाइतका लवकर थंड होत नाही; तिथेही मार्टेन्साइट व्हावे यासाठी क्रोमियम, मॉलिब्डेनम, मँगेनीज आणि काही प्रतींत निकेल मिसळून रचनेचे नरम रूपांतर लांबवले जाते. याच कामी बोरॉनचा वापर थक्क करणारा आहे. एक टक्क्याच्या हजाराव्या भागाच्या आसपासचे बोरॉन धातुकणांच्या सीमांवर जाऊन बसते आणि नरम रचनेची सुरुवातच तिथे होऊ देत नाही.

वेल्डिंगच्या सांध्यालगत न वितळलेला पण तापलेला जो पट्टा असतो, त्याला उष्णताबाधित पट्टा म्हणतात, आणि वेल्डरची खरी परीक्षा वितळलेल्या धातूपेक्षा या काही मिलिमीटरांत होते. पट्ट्याचा सांध्याला भिडलेला भाग इतका तापतो की कारखान्यातले पाणी पुसले जाऊन नव्याने पाणी दिल्यासारखे होते. त्यापलीकडचा भाग तेवढा न तापता नुसता नरम पडतो. सांधा फार झपाट्याने थंड झाला तर पहिला भाग ठिसूळ होतो, फार सावकाश थंड झाला तर चिवटपणा जातो आणि नरम पट्टा रुंदावतो. साध्या पोलादात वेल्डिंगआधी प्लेट तापवण्याचा अतिरेक सहसा अंगाशी येत नाही, इथे मात्र खालची मर्यादा जितकी कडक तितकीच वरचीही. अमेरिकन वेल्डिंग संहितेनुसार सुमारे ३८ मिलिमीटरपर्यंतच्या ए ५१४ प्लेटचे तापमान वेल्डिंगपूर्वी आणि दोन रनांच्या, म्हणजे वेल्डिंगच्या दोन थरांच्या, मधे साधारण २०५ अंशांवर जाता कामा नये. ते पाहण्यासाठी ठरावीक अंशावर वितळणारा खडू प्लेटवर ओढतात. सांध्यात किती उष्णता ओतली हे व्होल्टेज, प्रवाह आणि ज्योत पुढे सरकण्याचा वेग यांवरून निघते. २५ व्होल्ट, २०० अँपिअर आणि मिनिटाला २०० मिलिमीटर असा हिशेब केला तर दर मिलिमीटरला १.५ किलोजूल येतात, आणि हात मंदावून वेग निम्मा झाला तर तेच ३ होतात. डावीकडे-उजवीकडे झुलवत एकच रुंद रन भरण्याऐवजी अनेक अरुंद, सरळ रन घालावेत, हा आग्रह यातूनच आला.

दुसरा शत्रू हायड्रोजन होय. वेल्डिंगच्या रॉडच्या लेपातील दमटपणा, प्लेटवरचा गंज, तेल किंवा रंग यांतून तो ज्योतीत सुटा होऊन वितळलेल्या धातूत शिरतो आणि सांधा थंड झाल्यावरही अणुरूपाने आत फिरत राहतो. जिथे रचना कठीण आणि ताण जास्त तिथे तो साठतो व काही तासांनी, कधी दिवसांनी, आतल्या आत भेग पाडतो. म्हणून ‘ई ११०१८’ जातीचे अल्प-हायड्रोजन रॉड वापरण्यापूर्वी सुमारे ३७० ते ४३० अंशांवर किमान तासभर भाजतात, आणि ओव्हनमधून काढल्यावर ते अर्ध्या तासापेक्षा जास्त उघड्यावर ठेवत नाहीत. कोकणातील आषाढाची हवा ज्याला ठाऊक आहे त्याला या अर्ध्या तासाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. भेग उशिरा पडते म्हणून सांधा गार झाल्याबरोबर केलेली तपासणी ग्राह्य धरली जात नाही. संहिता किमान ४८ तास थांबायला सांगते. ताण घालवण्यासाठी संपूर्ण सांधा नंतर भट्टीत तापवण्याचा नेहमीचा उपायही या पोलादात सहसा टाळतात, कारण त्याने चिवटपणा घटतो आणि पुन्हा तापवतानाच नव्या भेगा पडू शकतात.

अठ्ठेचाळीस तासांच्या या नियमाकडे अमेरिकेतील मेम्फिस शहराच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथील मिसिसिपी नदीवरील हर्नांडो डी सोटो हा आंतरराज्य महामार्ग ४० चा पूल १९७३ मध्ये खुला झाला. त्याच्या कमानीची दोन्ही टोके बांधून धरणाऱ्या पोकळ तुळया टी-१ जातीच्या प्लेटांच्या होत्या. ११ मे २०२१ रोजी तपासणी करणाऱ्या अभियंत्यांना त्यातील एक तुळई जवळजवळ पूर्ण दुभंगलेली दिसली आणि पूल त्याच दिवशी बंद झाला. नंतरच्या शोधात या भेगेचा उगम बांधणीच्या वेळच्या वेल्डिंगमधील हायड्रोजनजन्य तड्यात सापडला, म्हणजे मूळ दोष सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे तुळईत दडून होता. त्याआधी २०११ मध्ये लुईव्हिलजवळील ओहायो नदीवरचा शेर्मन मिंटन पूलही टी-१ पोलादातील भेगांमुळे काही महिने बंद ठेवावा लागला होता. पोलादाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, परंतु याच प्लेटा असंख्य यंत्रांत दशकानुदशके निमूट काम करत आहेत. हे सांधे जोडले गेले तेव्हा हायड्रोजनविषयीची शिस्त आणि तपासणीची साधने आजच्याइतकी पक्की नव्हती, हे अधिक खरे. १९९० च्या दशकात अमेरिकेने पुलांसाठी नवी प्लेट घडवायला घेतली, तेव्हा त्यातून पुढे आलेल्या ६९० मेगापास्कलच्या प्रतीत कार्बन ०.०८ टक्क्यांवर रोखून बळाचा काही भार तांब्याच्या सूक्ष्म कणांवर टाकला गेला, तो वेल्डिंग सुलभ व्हावे याच हेतूने.

मेम्फिसची तुटलेली तुळई दुरुस्त करताना अभियंत्यांनी तिच्या दोन्ही अंगांना नव्या पोलादी प्लेटा बसवल्या, आणि त्या बोल्टांनी आवळल्या.