कानातला बोळा आणि बंदुकीचा बार

यवतमाळ जिल्ह्यात कापूस कुणाला शोधावा लागत नाही. गार वारा कानाला झोंबला की घरातलं कुणीतरी कापसाचा बोळा पुढे करतं, आणि बंदुकीचा बार निघणार असेल तेव्हाही हात आपसूक त्याच बोळ्याकडे जातो. बार काढणारे वाटतात तेवढे कमी नाहीत. पोलीस दलातल्या जवानांना गोळीबाराचा सराव करावा लागतो. एनसीसीच्या शिबिरात शाळा-कॉलेजातली मुलं-मुली चांदमारीवर पालथी पडून .२२ रायफल चालवतात. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या काठच्या गावांत रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात, शेतकऱ्याची रात्र जागलीवर जाते, आणि १९५९च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय ठेवली आहे. या सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची आहे. बोळ्याने कान वाचत नाहीत. आणि दुकानातलं सर्वांत महाग साधन घेतलं, पण ते नीट बसवलं नाही, तर त्याचीही किंमत बोळ्याएवढीच उरते.

डेसिबलचा हिशेब रोजच्या बेरजेसारखा चालत नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, वीस डेसिबलला शंभरपट. आपल्याकडे फटाक्यांना कायद्याने मर्यादा आहे : फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १४५ डेसिबलच्या शिखरापुढे आवाज जाता कामा नये. बंदुकीची नळी मात्र कानापासून चार मीटरवर नसते, हातभर अंतरावर असते. .२२ रायफलचा बार साधारण १४० डेसिबलच्या आसपास पोचतो. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल, बारा बोअर किंवा पोलिसांच्या मोठ्या रायफली १५० ते १६५ या पट्ट्यात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजाची मर्यादा प्रौढांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० डेसिबल मानली आहे. म्हणजे ज्या रायफलला आपण ‘लहान’ म्हणतो, ती शिबिरातल्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी मर्यादेच्या शंभरपट ऊर्जा फेकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं, ती रायफलही .२२चीच. नेम अचूक असला म्हणून आवाज सौम्य होत नाही.

कानाची स्वतःची संरक्षणव्यवस्था नाही असं नाही. मोठा आवाज आला की मधल्या कानातला इवलासा स्नायू आखडतो आणि आत जाणारा धक्का थोडा कमी करतो. पण त्याला आखडायला काही दशांश नाही तरी काही शतांश सेकंद लागतात, आणि बाराचा मुख्य तडाखा काही सहस्रांश सेकंदात संपलेला असतो. चोर पळून गेल्यावर दार लावावं, तसं होतं. तडाखा जाऊन आदळतो तो आतल्या शंखाकृती कानातल्या केसपेशींवर. एका कानात त्या पंधरा-सोळा हजार असतात आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. पहिला फटका बसतो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांना. त्यामुळे सुरुवातीला माणूस ‘बहिरा’ होत नाही; त्याला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. स, श, च, फ ही अक्षरं पुसट होतात, ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतो, आणि लग्नाच्या मांडवात गोंगाट असला की तो नुसती मान डोलावू लागतो. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला; म्हणून बंदूकवाल्यांचा डावा कान बहुधा आधी जातो.

आता बोळा का चालत नाही ते पाहू. कापूस हवा अडवत नाही, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. सुक्या बोळ्याने फार तर पाच-सात डेसिबल कमी होतात. १६० मधून सात वजा केले तरी कानावर १५३ येतातच. स्पंजासारखे फोमचे प्लग किंवा कानांवर वाट्या बसवणारे इअरमफ यांच्या पाकिटावर तीसच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. तो प्रयोगशाळेत, सतत चालणाऱ्या आवाजात, शिकवलेल्या माणसाच्या कानात मोजलेला असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे निऑशने, याची दखल घेऊन सुचवलं की मफच्या छापील आकड्यातून पाव भाग आणि फोम प्लगच्या आकड्यातून अर्धा भाग वजा करून हिशेब धरावा. तीसचा प्लग प्रत्यक्षात पंधराचा ठरला, तर १६० चा बार १४५ वर येतो, म्हणजे मर्यादेच्या वरच. क्षणिक आवाजासाठी ही वजाबाकी ढोबळच आहे, पण दिशा स्पष्ट आहे. २८चं घ्यावं की ३२चं, याने पडणारा फरक चार डेसिबलचा. नीट घातलं की तसंच खुपसलं, याने पडणारा फरक पंधरा-वीस डेसिबलचा. साधन निवडताना पहिला प्रश्न आकड्याचा नको, बसण्याचा हवा.

फोमचा प्लग घालण्याची रीत आहे, आणि ती शिकवावी लागते. स्वच्छ हातांनी प्लग वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळ वर आणि मागे ओढायची, वात आत सरकवायची आणि फुगून बसेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायची. मग दोन्ही कानांवर तळवे ठेवून पाहावं. बाहेरच्या आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बसला, एकदम शांत झालं तर प्लगला गळती आहे. मफचं गणित वेगळं. त्याची गादी कानाभोवती सलग टेकली पाहिजे. चष्म्याची जाड काडी, ओढणी, टोपीची कड किंवा केसांची बट मध्ये आली की तेवढ्या फटीतून आवाज शिरतो. रायफलच्या दस्त्याला वाटी अडत असेल तर गाल टेकवताना मफ उचलला जातो, म्हणून रायफलवाल्याने पातळ वाटीचा घ्यावा. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. घामाने गादी निसरडी होते, कालांतराने कडक पडते. ती बदलता येणारी असेल असाच मफ घेतलेला बरा. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर प्लग घालण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारावं.

हत्यार आणि जागा पाहून निवड ठरते. १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलचा आवाज तुलनेने बराच कमी असतो. तिथे साधे प्लग पुरतात. .२२ला उघड्या मैदानावर नीट बसलेला प्लग किंवा मफ हवाच. मोठं हत्यार असेल, डोक्यावर पत्रा वा भोवती भिंती असतील, किंवा शेजारी ओळीने बार निघत असतील, तर आत प्लग आणि वर मफ, दोन्ही. दोन्हींची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यावर साधारण पाचच वाढतात. पण एकाला गळती असली तर दुसरा सांभाळतो, हा खरा फायदा. गाणी ऐकण्याचे ‘नॉइज कॅन्सलेशन’वाले इअरफोन यात धरू नयेत. ते विमानाच्या किंवा पंख्याच्या घरघरीसाठी असतात, बारासाठी नव्हेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : आदेश ऐकू आले नाहीत तर? चांदमारीवर ‘फायर बंद’ ऐकू न येणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे शंका रास्तच आहे. पण याचं उत्तर कान उघडे ठेवणं नव्हे. शिट्टी, ध्वनिक्षेपक, हाताची खूण किंवा झेंडी यांची सवय लावता येते. इलेक्ट्रॉनिक मफ हळू आवाज आत सोडतात आणि मोठा आवाज येताच तो पुढे जाऊ देत नाहीत. शिकवणाऱ्यांना ते फार उपयोगी. स्पर्धेत मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम खेळाडूला आवाज टिपणारी साधनं वापरू देत नाही, तेव्हा सराव साध्या साधनांवरच करावा. जागलीवरच्या शेतकऱ्याचा आक्षेप याहून अवघड आहे, कारण अंधारात डुकराची चाहूल कानानेच लागते. इलेक्ट्रॉनिक मफ परवडत नसेल, तर साधा मफ गळ्यात ठेवून चाप ओढण्याआधी कानावर घेणं, एवढी तडजोड त्याला करता येते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा : आम्ही वर्षानुवर्षं बार काढले, काही झालं नाही. बारानंतर कानात ‘कुंईं’ वाजतं, दडे बसतात आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, त्यावरून हा समज होतो. पण बरं वाटलं म्हणजे काहीच गेलं नाही असं नव्हे. थोड्या पेशी गेल्याचं नेहमीच्या बोलण्यात कळत नाही, श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झला पडलेला खड्डा मात्र दिसतो. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत लंगडा. काडतुसापुढे फोमच्या प्लगची जोडी स्वस्तच. अडतं ते पैशाशी नव्हे, शिकवण्याशी. म्हणून शिबिरात रायफल हाती देण्याआधी दहा मिनिटं प्लग घालायला शिकवावं, प्रत्येकाचा कान तपासावा आणि शेवटचा बार निघून गोळीबार थांबल्याचा आदेश मिळेपर्यंत कुणालाही तो काढू देऊ नये. मध्येच काढलेल्या एका क्षणात शेजारच्याचा बार निघाला, तर तासभर पाळलेली शिस्त वाया जाते. कापूस जिनिंगला जाऊ द्या. कानात प्लग घाला, आणि तो बसला की नाही ते तपासूनच चाप ओढा.