आधी वजन, मग पंखा, मोटर शेवटी

दिवाळीच्या सुटीत घरातलं पोर ‘रिमोटवर उडणारं विमान करायचंय’ म्हणून मागे लागलं, की बहुतेक पालक दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात : यातली सगळ्यात पॉवरफुल मोटर कोणती? खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी विचारला, तर पैशांचा धूर होतो, तोही अक्षरशः.

हे मला नीट समजलं ते सुरतेच्या कतारगाममध्ये. माझी धाकटी बहीण लग्नानंतर तिकडे गेली. दाजी मूळचे धारवाडकडचे. घरात मराठी आणि कन्नड, दाराबाहेर गुजराती. भाचा तिन्ही भाषांत हट्ट करतो. कतारगाम म्हणजे हिरे घासणाऱ्यांची वस्ती. दाजी तिथल्या कारखान्यांतल्या मोटारींची देखभाल करतात. हिरा घासायची चकती जराशी थरथरली तरी पैलू बिघडतो, त्यामुळे फिरणाऱ्या वस्तूंबद्दल हा माणूस फार काटेकोर.

“मामा, २२०० केव्हीची घेऊ या. १००० वालीच्या दुपटीहून जास्त ताकद!” भाचा म्हणाला.

दाजींनी विचारलं, “तिच्याकडून काम काय करून घेणार, ते आधी सांग.”

इथेच सगळी मेख आहे. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे आणि ताकदही नव्हे. पंखा न लावता, एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, तो हा आकडा. तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा दाब ११.१ व्होल्ट धरतात. १००० केव्हीची मोटर त्यावर मोकळी असताना अकरा हजार फेरे घेते, पंखा लावला की साधारण आठ-साडेआठ हजार. जास्त केव्हीची मोटर लहान पंखा भन्नाट फिरवते, कमी केव्हीची मोठा पंखा सावकाश. पहिल्यांदा उडवणाऱ्याला सावकाशच हवं.

मग सुरुवात कुठून? वजनकाट्यावरून. बॅटरीसकट विमान किती ग्रॅमचं होणार, ते आधी ठरवा. शिकाऊ विमानाला किलोमागे दीडशे वॅटच्या आसपास पुरतात, कसरती करायच्या तर अडीचशे तरी लागतात. भाच्याचं फोमचं विमान सातशे ग्रॅमचं. म्हणजे शंभर-सव्वाशे वॅट झाले, थोडी शिल्लक धरून दीडशे.

आता पंखा. त्यावर १०×४.५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तसा हा पंखा एका फेऱ्यात हवेत साडेचार इंच पुढे सरकतो, अर्थात हिशेबापुरता. साडेआठ हजार फेऱ्यांना हा हिशेब ताशी ५८ किलोमीटरच्या जवळ जातो. शिकणाऱ्याला तो भरपूर झाला.

व्यासाशी मात्र खेळू नये. फेरे तेवढेच ठेवून दहाऐवजी अकरा इंची पंखा लावला, तर मोटरवरचा भार दहा टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ दीडपट होतो. आणि २२०० केव्हीच्या मोटरला दहा इंची पंखा लावला, तर ती ठरलेला वेग गाठण्यासाठी १००० वालीच्या दहापट ताकद मागते. वेग काही गाठत नाही, त्या प्रयत्नात तारा जळतात, नाहीतर स्पीड कंट्रोलर जातो. दाजींच्या भाषेत, मोटर बिचारी नाही म्हणत नाही. करंट किती ओढायचा, ते पंखा ठरवतो.

शेवटी २२१२ आकाराची, १००० केव्हीची मोटर आली. २२ आणि १२ हे आतल्या गाभ्याचा व्यास आणि उंची, मिलिमीटरमध्ये. सोबत ३० अँपिअरचा कंट्रोलर. वॉटमीटर जोडून विमान घट्ट धरलं, भाच्याने थ्रॉटल वर नेला, दाजी “निधान, निधान” म्हणत होते. “एष्टु?” चौदा अँपिअर. बसलं गणित! एवढ्याचसाठी सांगते ते, वॉटमीटर मोटरइतकाच गरजेचा समजा. मोटर उलटी फिरली तर घाबरू नका, तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. पंख्यावरची अक्षरं पुढच्या बाजूला यायला हवीत. आणि टेबलावर जोडाजोडी चालू असेल तेव्हा पंखा काढूनच ठेवा. हा पंखा बोट कापू शकतो.

एके काळी ही हौस घरच्या टेबलावर शक्यच नव्हती. १९५७ साली इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी विजेच्या मोटरवर रेडिओने चालणारं विमान उडवलं, ते सिल्व्हर-झिंकच्या महागड्या बॅटरीवर. पुढे निओडिमियमची चुंबकं आणि लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, तेव्हा कुठे वजन आवाक्यात आलं. या बॅटऱ्या फुगल्या तर वापरू नयेत आणि चार्जिंगला लावून झोपू तर मुळीच नये, आग लागते.

उडवायचं कुठे, हा कतारगामचा खरा प्रश्न. गच्च्यांना गच्च्या चिकटलेल्या, आणि संक्रांतीच्या आगेमागे आकाशभर मांजा. तिथे ‘गाळीपट’च शोभतो. त्यामुळे हे बापलेक भात कापून झाल्यावर ओलपाडच्या बाजूला मोकळं शेत गाठतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत रिमोटची विमानंही येतात, तेव्हा आपल्याकडच्या, विशेषतः सांबरा विमानतळाच्या आसपासच्या वाचकांनी सरकारी नकाशात आपली जागा कोणत्या रंगात आहे, ते पाहूनच बॅटरी जोडावी.