राजीनामा देण्याआधी एवढं वाचा

परवा जालन्याच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर जुना सहकारी भेटला. "बारा तासांची ड्युटी नको झालीय, तुझ्यासारखं स्वतंत्र काम करावं म्हणतो."

मी रोलिंग मिलमधली नोकरी सोडून सुट्या भागांची ड्रॉइंग करून देतो. झिजलेला शाफ्ट व्हर्नियरने मोजायचा, घरी कॅडवर ड्रॉइंग काढायचं, पीडीएफ पाठवायची. वेळ आपली, पण पगाराची तारीख नाही!

म्हणून हे लक्षात ठेवा :

१) उद्यम नोंदणी करा. ऑनलाइन आणि मोफत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज मागता येतं.

२) सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

३) सलग नोकरी पाच वर्षांहून कमी असेल तर पीएफ काढण्याची घाई नको, त्यावर कर लागू शकतो.

आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका.