विद्यापीठात चोरण्यासारखं असतं तरी काय?

बँकेवर सायबर हल्ला झाला की त्याची बातमी होते, कारण गेलेला पैसा मोजता येतो. संशोधकाची पाच वर्षांची निरीक्षणं गेली, तर त्याचा हिशेब मांडायला कुणी बसत नाही. विद्यापीठाचा कारभार देवाणघेवाणीवर चालतो. दरवर्षी हजारो नवी खाती उघडतात, पाहुणे प्राध्यापक येतात-जातात, परगावचे सहकारी आपल्या सर्व्हरवर लॉगिन करतात. हा मोकळेपणा ज्ञानासाठी हवाच. पण घुसखोरही त्याच वाटेनं येतात. ती वाट सोपी करणारे पाच गैरसमज मनातून काढून टाकायला हवेत.

गैरसमज १ : आमच्याकडे चोरण्यासारखं काही नाही.

वस्तुस्थिती : मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ‘मब्ना इन्स्टिट्यूट’शी संबंधित नऊ इराणी नागरिकांवरील आरोपपत्र जाहीर केलं. त्यानुसार अमेरिकेतली १४४ आणि इतर २१ देशांतली १७६ विद्यापीठं या मंडळींच्या निशाण्यावर होती. एक लाखाहून अधिक प्राध्यापकांच्या खात्यांवर प्रयत्न झाले, त्यांपैकी सुमारे ८,००० खाती हाती लागली आणि ३१ टेराबाइटहून अधिक शैक्षणिक मजकूर व संशोधन चोरीला गेलं.

त्यासाठी वापरलेली युक्ती साधी होती. दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावानं ईमेल यायचा : तुमचा शोधनिबंध वाचला, याच विषयावरचे आणखी काही लेख पाहा. लिंक उघडली की समोर हुबेहूब आपल्याच विद्यापीठाचं लॉगिनचं पान. चुकून लॉगआउट झालं असेल, असं समजून प्राध्यापक पासवर्ड टाकायचे आणि तो थेट चोरांच्या हाती पडायचा. आपल्या लेखनाची दखल घेतली गेली, या आनंदाचाच इथं गळ केला होता. लहान महाविद्यालयातलं खातंही त्यांच्या कामाचं असतं, कारण त्यातून ग्रंथालयानं वर्गणी भरलेली महागडी नियतकालिकं उघडतात.

गैरसमज २ : लिंकवर क्लिक केलं नाही, म्हणजे धोका टळला.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत नोव्हेंबर २०१८ मध्ये एका वरिष्ठ कर्मचाऱ्याला फसवा ईमेल आला. विद्यापीठाच्याच अहवालानुसार त्यातली लिंक किंवा जोडलेली फाइल कुणी उघडली नव्हती. ईमेलचा नुसता प्रीव्ह्यू पाहिला गेला, तेवढ्यानं लॉगिनचा तपशील निसटला. पुढे हल्लेखोरांनी ठाण मांडलं ते एका जुन्या, लवकरच मोडीत निघणार असलेल्या सर्व्हरवर. तिथून ते कर्मचारी, विद्यार्थी आणि आर्थिक व्यवहारांच्या नोंदींपर्यंत पोचले.

म्हणून ‘मी सावध आहे’ एवढं पुरत नाही. विभागाच्या कोपऱ्यात कुणीतरी कधीतरी सुरू केलेला आणि आज कुणाच्याच नावावर नसलेला संगणक शोधून नेटवर्कवरून काढला पाहिजे. चालू यंत्रणा वेळच्या वेळी अपडेट व्हायला हव्यात आणि पासवर्डच्या जोडीला पडताळणीचा दुसरा टप्पा असायला हवा.

गैरसमज ३ : हल्ला झाला की लगेच कळतो.

वस्तुस्थिती : नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात फसव्या ईमेलमधली लिंक उघडली गेली १५ ऑक्टोबर २०१९ रोजी. विद्यापीठाचे २६७ सर्व्हर कुलूपबंद झाले ते २३ डिसेंबरला, नाताळच्या सुटीत. मधले दोन महिने हल्लेखोर आतच होते. अपडेट न केलेले सर्व्हर हेरत ते एकेक अधिकार मिळवत गेले. अखेर ३० डिसेंबरला विद्यापीठानं ३० बिटकॉइन, म्हणजे सुमारे दोन लाख युरो, खंडणी मोजली.

सुटीचे दिवस चोरांना सोयीचे असतात. त्यामुळे परीक्षा संपल्यावर संगणक विभागातले सगळेच एकदम रजेवर जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी. अनोळखी ठिकाणाहून किंवा अवेळी झालेल्या लॉगिनकडे रोज लक्ष हवं.

गैरसमज ४ : बॅकअप आहे, मग चिंता कशाला?

वस्तुस्थिती : मास्ट्रिख्टमध्ये बॅकअपही होता, पण त्याचा काही भाग त्याच नेटवर्कला जोडलेला असल्यानं तोही कुलूपबंद झाला. डेटा नाहीसा व्हायला चोरच लागतो असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात महासंगणकाच्या बॅकअप प्रणालीतल्याच दोषामुळे सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. १४ संशोधन गटांच्या मिळून जवळपास ३ कोटी ४० लाख फायली गेल्या आणि त्यांपैकी चार गटांचा डेटा परत मिळवता येण्याजोगा राहिला नाही.

पीएचडी करणाऱ्या प्रत्येकानं हा नियम पाळावा : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह एकाच पिशवीत असतील, तर पिशवी हरवल्यावर दोन्ही प्रती जातात. शिवाय बॅकअपमधून फाइल खरोखर उघडते का, हे अधूनमधून तपासावं. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

गैरसमज ५ : झालं ते झाकून ठेवलं, तरच संस्थेची अब्रू राहते.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे तेव्हाचे कुलगुरू, भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते ब्रायन श्मिट यांनी हल्ल्याचा सविस्तर अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये जगासमोर ठेवला. मास्ट्रिख्टनंही आपल्या चुका जाहीर सभेत मांडल्या. जगभरची विद्यापीठं आज यातून शिकू शकतात, ती या प्रामाणिकपणामुळेच. भारतातही सायबर हल्ल्यांच्या घटना हाताळणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ मधल्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनी आणि कंपन्यांनी अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत.

संस्थेच्या आतही हेच लागू आहे. ‘सर, माझ्याकडून चुकीच्या पानावर पासवर्ड गेला,’ असं एखादी विद्यार्थिनी त्याच दिवशी सांगायला आली, तर पासवर्ड बदलून खातं वाचवता येतं. आधीच्या वेळी तिला सगळ्यांसमोर बोल लावले असतील, तर ती पुन्हा येणार नाही आणि ते खातं चोरांसाठी उघडंच राहील.

प्राध्यापकांनी आणि संशोधकांनी या आठवड्यात तीन कामं करावीत : खात्याला पडताळणीचा दुसरा टप्पा जोडावा, संशोधनाची एक प्रत नेटवर्कपासून अलग ठेवावी आणि संशय आल्यास कुणाला कळवायचं ते नाव व क्रमांक विभागाच्या फलकावर लावावा. कुलगुरूंनी आणि प्राचार्यांनी या कामासाठी माणसं आणि पैसा द्यावा. एवढी तजवीज करणं प्रत्येक संस्थेला शक्य आहे आणि ती हल्ल्याआधीच करायची असते.