वर्धा रोडवरचं जामठा

नागपूरकर जामठ्याच्या स्टेडियमबद्दल बोलू लागला की पहिली तक्रार अंतराची असते. सीताबर्डीपासून ते अठरा-वीस किलोमीटरवर आहे आणि सामन्याच्या दिवशी वर्धा रोडवर वाहनांची रांग खापरीच्या अलीकडेच लागते. वर्ध्याकडून येणाऱ्याला मात्र हेच स्टेडियम जवळचं वाटतं. सेलू, केळझर, बुटीबोरी ओलांडली की शहराच्या गर्दीत शिरायच्या आधीच ते लागतं. हिंगणघाट आणि समुद्रपूरची माणसं जामवरून त्याच महामार्गाने येतात, वरोरा-चंद्रपूरची मंडळीही त्याच वाटेने. जागेच्या नोंदी काढल्या तर जामठा नागपूर जिल्ह्यातलंच गाव. पण विदर्भ क्रिकेट संघटनेने (व्हीसीए) आपलं मोठं मैदान शहरातून उचलून या रस्त्यावर आणलं, तेव्हा ते निम्म्या विदर्भाच्या वाटेवर आलं. त्या निम्म्या विदर्भाने त्यावर हक्क सांगायला अजून सुरुवात केलेली नाही, आणि मला या स्टेडियमबद्दल लिहावंसं वाटतं ते त्यासाठी.

जामठ्याच्या आधी चार दशकं विदर्भाचं क्रिकेट नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीए मैदानावर नांदलं. 1969 च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. 31 ऑक्टोबर 1987 चा विश्वचषकाचा सामना आजही जुनी माणसं चेंडूगणिक सांगतात: चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधलं आपलं एकमेव शतक ठोकलं. त्याच मैदानाच्या नावावर एक फार दुःखद दिवसही आहे. 26 नोव्हेंबर 1995 ला भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामना सुरू असताना स्टँडची भिंत कोसळली आणि नऊ प्रेक्षकांचा जीव गेला. क्रिकेट पाहायला घरून निघालेली माणसं परतली नाहीत. स्टेडियमविषयी बोलताना आपण खेळपट्टी, दिवे, आसनं यांच्या गप्पा मारतो. पण हजारो माणसं सुखरूप आत यावीत आणि सुखरूप बाहेर पडावीत, हे त्या इमारतीचं पहिलं काम आहे. सिव्हिल लाइन्सच्या मैदानाभोवती रस्ते, कार्यालयं, वस्ती. वाढायला जागाच नव्हती. 2006 च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्ध तिथली शेवटची कसोटी झाली. त्यात अ‍ॅलिस्टर कुकने पदार्पणातच शतक केलं.

जामठ्याच्या मोकळ्या जागेवर नवं स्टेडियम उभं राहिलं ते संघटनेच्या शशांक मनोहर यांच्या पुढाकाराने. आराखडा शशी प्रभू यांचा. मुंबईचं वानखेडे स्टेडियम उभारणारे वास्तुविशारदही तेच. आणि ज्यांच्या नावाने ते मुंबईचं स्टेडियम ओळखलं जातं, ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे नागपूरकडचे, महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले. म्हणजे मुंबईच्या क्रिकेटला हक्काचं घर मिळवून देण्यात एका वैदर्भीयाचा हात होता आणि तीन दशकांनंतर विदर्भाचं घर मुंबईच्या वास्तुविशारदाने आखलं. हे देणंघेणं मला फार आवडतं.

शहराबाहेर स्टेडियम नेण्याचा हा प्रयोग जगात नवा नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानांनी तो आधी करून पाहिला. बोस्टनचं फेनवे पार्क 1912 चं, शिकागोचं रिग्ली फील्ड 1914 चं. दोन्ही भर वस्तीत, शेजारच्या रस्त्यांनी ठरवून दिलेल्या वेड्यावाकड्या जागेत बसवलेली. फेनवेमध्ये डाव्या बाजूला जागा अपुरी, म्हणून तिथली 37 फूट उंच भिंत खेळाचाच भाग झाली. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत काँक्रीटची गोल, एकसारखी स्टेडियम आली. त्यांच्याभोवती गाड्या लावायला भरपूर जागा होती, आत बेसबॉलही आणि अमेरिकन फुटबॉलही. मग 1992 मध्ये बाल्टिमोरने कॅम्डन यार्ड्स बांधलं ते पुन्हा शहराच्या मध्यात, जुन्या रेल्वे यार्डाच्या जागी, आणि शेजारची विटांची लांबलचक रेल्वे वखार पाडण्याऐवजी तिला मैदानाच्या देखाव्यातच सामावून घेतलं. त्यानंतरची कितीतरी बेसबॉल मैदानं त्याच वाटेने शहरात परतली. चालत किंवा रेल्वेने येणारा प्रेक्षक तिथे पुन्हा महत्त्वाचा ठरला. जामठा अजून गाडीने येणाऱ्याचं स्टेडियम आहे, आणि माझ्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे.

आत मात्र मोकळेपणा आहे. सुमारे 45 हजार प्रेक्षक बसतात आणि मैदान भारतातल्या मोठ्या मैदानांत गणलं जातं. बेसबॉलप्रमाणेच क्रिकेटमध्येही मैदानाचा आकार ठरीव नसतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा 65 यार्डांपेक्षा जवळ आणि 90 यार्डांपेक्षा लांब नसावी, एवढंच बंधन. जामठ्यात रेषा लांब ठेवायला जागा आहे, त्यामुळे दुसऱ्या मैदानावर षटकार ठरणारा फटका इथे सीमेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो, आणि दोन-तीन धावा पळून काढणाऱ्याची किंमत वाढते. 15 मार्च 2016 ला टी-20 विश्वचषकात न्यूझीलंडने इथे जेमतेम 126 धावा केल्या. भारत 79 वर गारद झाला. दहापैकी नऊ बळी सँटनर, सोधी आणि नेथन मॅक्युलम या तीन फिरकीपटूंनी घेतले. त्याच महिन्यात अफगाणिस्तानने याच मैदानावर वेस्ट इंडीजला सहा धावांनी हरवलं, आणि तोच वेस्ट इंडीज संघ पुढे जगज्जेता झाला.

या निकालांमागे जागेइतकीच मातीही आहे. वर्ध्याच्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही, कारण ही कपाशीची काळी माती. पावसाळ्यात फुगते, पायाला चिकटते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण जास्त, म्हणून ओल धरून ठेवते. पाणी देऊन, रोलर फिरवून, वाळवून, पुन्हा रोलर फिरवून तिची खेळपट्टी केली की ती घट्ट बांधली जाते. मग चेंडू संथ येतो, उसळी बेताची राहते आणि खेळ पुढे सरकतो तसा तो खाली राहू लागतो. लाल मातीची खेळपट्टी उसळी देते आणि लवकर सुटते. काळी माती बराच काळ दम धरते. पण तिला कमी पाणी दिलं, जास्त वाळवलं, तर तीच माती पहिल्या दिवसापासून फिरकीला साथ देते. माळ्याच्या हातात किती मोठं काम असतं ते इथे कळतं.

जामठ्याने ही सगळी रूपं दाखवली आहेत. 2010 च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम अमलाने नाबाद 253 केल्या आणि त्याच खेळपट्टीवर डेल स्टेनने जुन्या चेंडूने 51 धावांत 7 बळी घेत भारताला कापून काढलं. 2012 च्या डिसेंबरात खेळपट्टी इतकी मंद होती की पाच दिवस खेळूनही सामना अनिर्णित राहिला आणि इंग्लंडने 28 वर्षांनी भारतात मालिका जिंकली. जो रूटचं पदार्पण तिथलंच. मग नोव्हेंबर 2015. दक्षिण आफ्रिका पहिल्या डावात 79, सामना तिसऱ्या दिवशी संपला, अश्विनने सामन्यात 98 धावांत 12 बळी घेतले आणि दोन्ही संघांत मिळून एकालाही अर्धशतक करता आलं नाही. आयसीसीने खेळपट्टीला निकृष्ट ठरवून ताकीद दिली. विजय आपला होता, तरी ती ताकीद योग्य होती असं मी मानतो. फलंदाजाला उभंच राहता येऊ नये, अशा आखाड्यावर जिंकून आपल्या फिरकीपटूंचा मान वाढत नाही. अश्विन चांगल्या खेळपट्टीवरही बळी घेणारा गोलंदाज होता. 2017 मध्ये श्रीलंकेविरुद्ध त्याने ते इथेच दाखवलं. चार भारतीय फलंदाजांनी शतकं केली, त्यात कोहलीचं द्विशतक, आणि त्याच सामन्यात अश्विनने 54 व्या कसोटीत तीनशेवा बळी मिळवला. एवढ्या कमी सामन्यांत तिथवर तोपर्यंत कोणीच पोहोचलं नव्हतं.

प्रेक्षकांच्या आठवणीत मात्र माणसं राहतात. स्टेडियमची पहिली कसोटी 6 नोव्हेंबर 2008 ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सुरू झाली आणि ती सौरव गांगुलीची शेवटची ठरली. पहिल्या डावात 85, दुसऱ्यात पहिल्याच चेंडूवर शून्य, आणि सामना संपत आला तेव्हा धोनीने थोडा वेळ कर्णधारपद त्याच्या हाती दिलं. जेसन क्रेझा नावाच्या नवख्या ऑफस्पिनरने त्या सामन्यात 12 बळी घेऊनही ऑस्ट्रेलिया हरली. 12 मार्च 2011 ला सचिनने इथे आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं नव्याण्णवावं शतक केलं. भारत 1 बाद 267 वरून 296 वर संपला आणि दक्षिण आफ्रिकेने दोन चेंडू राखून सामना नेला. त्या रात्री वर्धा रोडवरून परतताना गाड्यांमध्ये काय बोललं गेलं असेल, ते इथल्या प्रत्येक क्रिकेटवेड्याला ठाऊक आहे.

असे सामने असले की तिकीट मिळत नाही. कसोटीला मात्र आसनं मोकळी राहतात, कारण पाच दिवस रोज शहराबाहेर जाणं सगळ्यांना झेपत नाही. 2019 मध्ये विराट कोहलीने देशात कसोटीसाठी पाचच केंद्रं असावीत असं सुचवलं. मला ते पटत नाही. ज्या गावांनी खेळाडू घडवले, त्यांच्यापासून कसोटी हिरावून घेण्यापेक्षा प्रेक्षकाला मैदानापर्यंत आणण्याची सोय करणं अधिक न्यायाचं आहे.

आणि खेळाडू खरंच घडले. खापरखेड्याजवळच्या वलनीतल्या कोळसा खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव 2011 मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने अनेक हंगाम खालच्या गटात काढले होते. फैज फझलच्या नेतृत्वाखाली, चंद्रकांत पंडितांच्या प्रशिक्षणात, 2018 च्या पहिल्याच दिवशी या संघाने इंदूरला दिल्लीला हरवून करंडक उचलला. पुढच्याच वर्षी अंतिम सामना जामठ्यात आला. सौराष्ट्रसमोर 206 चं लक्ष्य होतं. डावखुऱ्या आदित्य सरवटेने पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली, सामन्यात 11 बळी घेतले आणि विदर्भ 78 धावांनी जिंकला. त्यानंतर इराणी करंडकही इथेच राखला, आणि बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामाच्या शहिदांच्या कुटुंबीयांना दिली. 2025 मध्ये पुन्हा जामठ्यातच केरळविरुद्ध अंतिम सामना झाला. दानिश मालेवारच्या 153 धावा, पहिल्या डावातली 37 धावांची आघाडी, तिसरा करंडक. हर्ष दुबेने त्या हंगामात 69 बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात एवढे बळी कोणीच घेतले नव्हते.

स्टेडियमची किंमत मी या सामन्यांवरून करतो. आणि हा संघ एकट्या नागपूरचा नाही. आधी विदर्भाकडून खेळलेला जितेश शर्मा अमरावतीचा, अथर्व तायडे अकोल्याचा, महिला संघातली भारती फुलमाळी अमरावतीची. 2021 मध्ये कर्नाटकविरुद्ध चार चेंडूंत चार बळी घेणारा दर्शन नळकांडे वर्ध्यात जन्मलेला. आर्वी, देवळी, पुलगावच्या मैदानांवर टेनिस चेंडूने तासन् तास खेळणाऱ्या मुलामुलींना यांतलं एक नाव जरी प्रत्यक्ष पांढऱ्या कपड्यांत पाहता आलं, तरी चमचमत्या दिव्यांखालच्या दहा टी-20 सामन्यांपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

वर्ध्याहून जामठा साठेक किलोमीटर आहे. नागपूर-वर्धा लोहमार्ग याच परिसरातून जातो. सेलू रोड, सिंदी, बुटीबोरी, गुमगाव ही स्टेशनं त्याच मार्गावरची. मेट्रो 2019 पासून खापरीपर्यंत धावते आणि ती बुटीबोरीच्या दिशेने वाढवण्याला मंजुरीही मिळाली आहे. पण दिवस-रात्र सामना साडेदहाला संपल्यावर वर्ध्याच्या विद्यार्थ्याला घरी पोहोचवणारं आज तरी स्वतःच्या वाहनाशिवाय भरवशाचं काही नाही. व्हीसीए, एसटी आणि रेल्वे यांनी एकत्र बसून सामन्याच्या रात्री वर्ध्यासाठी आणि हिंगणघाटसाठी गाड्या ठरवाव्यात. आणि पुढच्या रणजी हंगामात जामठ्यातल्या प्रत्येक सामन्याचा एक दिवस वर्धा जिल्ह्यातल्या शाळांसाठी राखून ठेवावा, सकाळी बस पाठवून मुलांना मैदानात आणावं आणि खेळ संपल्यावर सीमारेषेपाशी विदर्भाच्या खेळाडूंशी बोलू द्यावं.